दारातली पत्त्यांची गड्डी

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल गाडीची बॉडी आली. जुन्या धाटणीची, उघड्या चाकांची, दोनच माणसं बसतील अशी. इंजिन आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, दोन वर्षं जमवत होतो, आता तिला अंग मिळालं. पण हे फायबर इतकं पातळ की अंगठ्याने दाबलं तर तेलाच्या डब्यासारखं टक्कन आत जातं. आतून लाकडी सांगाडा भरल्याशिवाय दारं तोलणार नाहीत. तू लाकडी जिने करतेस, तुला हे कळेल, लवकर कळव.

घाई अप्पांसाठी. एकतीस तारखेला ते ऐंशीचे होतील आणि परवाना संपेल. डॉक्टर पुन्हा सही करणार नाहीत म्हणाले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस! घरच्या गाडीची किल्ली मागितली की त्यांना ऐकूच येत नाही. त्याआधी एकदा तरी ही गाडी त्यांनी चालवावी, एवढंच मनात आहे. शेडमध्ये कपाट करतोय असं त्यांना सांगितलंय.

लोभ असू दे, उत्तर त्याआधी येऊ दे.

तुझा धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून मलाच बसवेना. नीट ऐक. आधी बॉडी चासीवर बोल्टने आवळ, दारं लटकव, चारी बाजूंची फट सारखी कर. मगच लाकूड चिकटव. बॉडी वाकडी असताना सांगाडा भरलास तर वाकडेपणा जन्माचा होईल. अप्पा गाडीची परीक्षा दाराच्या आवाजावरून करतात, हे विसरू नकोस.

हाताची बोटं सांभाळ.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी लाकूड चिकटवून मोकळा झालो होतो. बॉडी दोन स्टुलांवर, दारं भिंतीला टेकलेली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आता ड्रायव्हरच्या बाजूचं दार वर बोटभर उघडं राहतं आणि खाली घासतं. चिकटवलेलं रेझिन वाळून दगडासारखं झालंय. वीस दिवस उरले. मला रडू येतंय, हे बायकोला सांगितलेलं नाही.

शिव्या घाल, पण उपाय सांग.

धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, कान धरून.

सगळं फोडू नकोस. बॉडी चासीवर आवळ. दाराच्या पुढचा आणि मागचा, दोन्ही खांब मधोमध करवतीने काप. फक्त लाकूड, फायबरला दात लागू देऊ नकोस. अंग मोकळं झालं की दार लटकव आणि फटीत पत्ते घाल. तेरा-तेराच्या चार गड्ड्या, चारी बाजूंना एकेक. जिन्याखालच्या कपाटांच्या दारांना मी हेच करते. मग कापलेल्या जागी दोन्हीकडून फळ्या चिकटवून सांधा बांध. पुरता वाळेपर्यंत पत्त्यांना हात लावायचा नाही.

आता तरी दम धर.

ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जमलं! ताई, जमलं. पत्ते काढले आणि दार एका बोटाने लागलं. तीन दिवस मी ते उघडलं आणि लावलं, एवढाच उद्योग. अंगठ्याने कुठेही दाबलं तरी बॉडी हूं की चूं करत नाही. पत्ते आता दुसऱ्या दारात आहेत. ते अप्पांचेच आहेत. ते घरभर शोधतायत आणि मी त्यांच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधतोय.

लोभ तर तू फळीसारखा दोन्हीकडून लावलासच.

धाकटा

३० मार्च

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा भाऊ अजून झोपलाय, म्हणून मीच लिहितो. पत्ते शोधत मी मागच्या रविवारी शेडमध्ये गेलो होतो. ते कपाटाच्या दारात सापडले, आणि कपाटाला चार चाकं होती. दुसरं दार उघडून लावून पाहिलं. भरीव आवाज आला. गुपचूप परतलो आणि पुन्हा पलंगाखाली पत्ते शोधू लागलो. त्याचा आनंद कशाला घालवा?

काल त्याने किल्ली दिली. अकरा किलोमीटर चालवली. पोरगा शेजारी बसून लहानपणीसारखा हसत होता. परतताना शेवटच्या वळणावर एक सायकलवाला आला, आणि ब्रेकवर पाय पोचायला मला क्षणभर उशीर झाला. कुणाला काही झालं नाही. पोराला कळलंही नाही. मला कळलं.

गाडी बाजूला घेतली. उतरलो, दार लावलं, एकदाच. दुसऱ्या बाजूने जाऊन बसलो आणि घरच्या गाडीचीही किल्ली खिशातून काढून त्याच्या हातात ठेवली. परवान्याचे दोन दिवस शिल्लक होते.

तू ये. तू चालव, मी शेजारी बसेन. ब्रेकबद्दल तोंड उघडणार नाही, असं निदान आज तरी म्हणतोय.

अप्पा