फेटा बांधून पाहिलेला रोटरी कटर

कळंब,
शुक्रवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी सर्जेरावचा शिरसाष्टांग नमस्कार. (डोकं नेहमीपेक्षा चार बोटं जास्त खाली टेकवलंय असं समजावं. कारण पुढं येईलच.)

माधवीअक्काचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल ती लावते की नुसतंच कपाटात ठेवते? इकडं सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. दोन आठवडे वाट बघायला लावून तुमची ऊसतोडीची टोळी नेमकी या आठवड्यात फडात उतरली, तुम्हाला सोमेश्वरनगर सोडता येईना, आणि म्हणून निमगाव केतकीचा तो जुना रोटरी कटर बघायचं काम माझ्याकडं आलं. बुधवारी संध्याकाळी फोनवर मी तुम्हाला "सगळं झकास, बिनघोर घ्या" असं सांगितलं. दाजी, ते खोटं होतं. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून झकासच निघतं, म्हणून हे पत्र लिहून दुधाच्या गाडीबरोबर पाठवतोय.

या कामाचं महत्त्व मला कळत नव्हतं असं नाही. गेल्या साली तुम्ही तोडीनंतर रानात पडलेलं उसाचं पाचट पेटवलं, वारं फिरलं आणि शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या वितळल्या. यंदा काडी ओढली तर मी माहेरी जाईन, असं अक्कानं बजावलंय. (माहेर म्हणजे आमच्याकडं, तेव्हा यात माझाही जीव अडकलाय.) बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पहिलं पाणी सोडायच्या आत पाचट बारीक व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी अवजार धड पाहिजे. शिवाय तीस वर्षांच्या सोयरिकीत तुम्ही मला सांगितलेलं हे पहिलं जबाबदारीचं काम. (लग्नात तुमच्या चपला सांभाळल्या होत्या ते मी धरत नाही. एक हरवली होती.) तुम्ही वहीच्या पानावर काय काय तपासायचं याची यादी करून दिलीत. ट्रॅक्टरला जोडायचा शाफ्ट हातानं फिरवून बघणं, पाती सारखी झिजलीत का, खालचा पत्रा, गिअरबॉक्सचं तेल आणि चीर, शेवटी चालवून थरथर. ते पान मी खिशात घालून गेलो. जाताना एसटीत पाठसुद्धा केलं.

आता लाज सोडून लिहितो. कटरचे मालक आप्पासाहेब हे फार अगत्याचे गृहस्थ निघाले. मी अंगणात पाय ठेवतो तर सतरंजी अंथरलेली, दहा-पंधरा माणसं बसलेली आणि ताटात फेटा, शाल, नारळ. मला वाटलं गावात कुणी पुढारी यायचा असेल, म्हणून मी बाजूला सरून उभा राहिलो. तर त्यांनी मलाच खुर्चीवर बसवलं आणि कळंबचे यंत्रतज्ज्ञ सर्जेराव यांचा सत्कार जाहीर केला. दाजी, एकावन्न वर्षांच्या आयुष्यात माझा सत्कार कधी झाला नव्हता. सोसायटीच्या कार्यक्रमात एकदा नाव पुकारलं होतं, पण ते सतरंज्या गोळा करण्यासाठी. फेटा डोक्यावर बसला आणि माझ्या डोक्यातलं सगळं खाली गेलं.

कटर शेजारीच उभा होता. धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून, वर झेंडूचा हा जाड हार. हार बरोबर गिअरबॉक्सवर होता. बाजूला करायला मी हात उचललासुद्धा, पण पूजा केलेल्या वस्तूवरचा हार पाहुण्यानं कसा काढायचा? पाती बघायची तर खाली वाकायला पाहिजे, आणि वाकलो की फेटा पडणार. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आता पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. बोलायला काहीच सुचेना, म्हणून खिशातलं तुमचं पान काढलं आणि त्याचंच भाषण केलं. "तेल गळतंय का" इथं मी म्हणालो, या गिअरबॉक्सबद्दल मी पामरानं काय बोलावं! "पाती" इथं म्हणालो, अशी पाती आता होणे नाही. शेवटी तर नारळ उंच धरून, हा कटर आमच्या दाजींच्याच रानात जाणार, असा सर्वांसमक्ष शब्द देऊन बसलो. मग त्यांनी तो चालवून दाखवला, पण टाळ्या इतक्या चालू होत्या की थरथर काही ऐकू आली नाही. हार उडू नये म्हणून एक माणूस तो दोन्ही हातांनी धरून होता, हे मला घरी आल्यावर आठवलं.

काल मन खाऊ लागलं म्हणून टोपी घालून परत गेलो. आप्पासाहेब बाजाराला गेले होते. त्यांची म्हातारी आई, बनाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिला विचारून मी कटरखाली आडवा झालो. दोन पाती नवी, दोन झिजून निम्मी. सुकलेला हार बाजूला केला तर गिअरबॉक्सला वीतभर चीर, वरून वेल्डिंग मारून रंग दिलेला, आणि तेल माझ्या सदऱ्यावर. म्हातारी वरून शांतपणे म्हणाली, "पाव्हणं, काल बघायचं ऱ्हायलं व्हय? आवं, चांगलं अवजार असलं की पाव्हण्याला नुसता कपभर च्या पाजून भागतं. फेटा उगं आणत्यात का?"

तर असं आहे, दाजी. तुमचा विश्वास मी एका फेट्यात गुंडाळून घालवला. अक्काला नमस्कार सांगा, बाकी काही सांगू नका.

आपला अपराधी मेहुणा,
सर्जेराव

ता. क. : रविवारी ट्रॅक्टर घेऊन या म्हणून आप्पासाहेबांचा निरोप आलाय. एवढं लिहिलं ते खरं तर एका विनंतीसाठी. तुम्हीच त्यांना फोन करून सांगा, की सर्जेरावांना कटर फार पसंत होता, पण मी माणूसच लहरी, मला नको. तुम्हाला तिकडं कुणी ओळखत नाही. माझा फोटो मात्र त्यांनी गावभर पाठवलाय.

ता. क. दुसरा : पत्र आमच्या मंडळीनं, कौसल्येनं, वाचलं. वरची विनंती खोडायला निघालो तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, दाजींनाबी कळू द्या मेहुणा कसा हाय ते. मग म्हणाली, "फेटा तुमी बांधून घेतला न्हवं, मग न्हाय बी तुमीच म्हना." तिचं खरं आहे. मीच सांगणार आहे, त्याच अंगणात, चिरेवर बोट ठेवून. पण एकटा गेलो तर कटर घेऊनच परत येईन, एवढं मी आता स्वतःला ओळखतो. तुमची तोड शनिवारी संपते. रविवारी माझ्याबरोबर चला. तुम्ही एक शब्द बोलू नका. फक्त मागं उभे राहा, आणि मी कौतुकाला लागलो की सदरा ओढा. जोरात ओढा.