अंगणातला खांब

कलबुर्गी, १८ नोव्हेंबर २०२४

चि. राजश्रीस,

सप्रेम जयभीम. दिव्याचा विषय निघाला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. अप्पा रात्री परसाकडे जाताना पुन्हा पडले. या वेळी गुडघ्यावर निभावलं. तुझ्या दुर्बिणीसाठी अंगणात काळोख ठेवणं आता पुरे. रविवारी वायरमन शिवकुमारला खांब आणि मोठा दिवा देऊन पाठवतो. तुझ्या वहिनीनं शेंगाचटणी केली आहे, तीही येईल. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा अण्णा,
प्रेमानंद

मंठाळ, २२ नोव्हेंबर

ती. अण्णास,

सप्रेम जयभीम. दिवा हवाच, पण खांब नको. उजेड पायाला पाहिजे, आभाळाला नाही. दारापासून संडासापर्यंत गुडघ्याइतके उंच, वरून झाकलेले पिवळे दिवे मी बसवते आहे. तरीही अप्पा पडले, तर खांब मीच उभा करीन.

काही अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक समूह आहे, आबेल ३७०. त्याच्या वस्तुमानानं मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकतो आणि बारीक कमानीसारखा दिसतो. आपल्या अंगणातून ती कमान टिपायची आहे. खांब लागला तर ती इथून येणार नाही.

अप्पा म्हणतात, मी काय चोर हाय व्हय, एवढा उजेड पाडायलास कामून. चटणी मात्र पाठव. लोभ राहू दे.

राजश्री

मंठाळ, ९ डिसेंबर

ती. अण्णास,

सप्रेम जयभीम. दिवे लागले. अप्पा दिवसा शेजाऱ्यांना बटण दाबून दाखवायचे. रात्री आभाळ मोकळं असलं की मात्र दाबायचेच नाहीत. पोरीचे फोटू जातेत म्हणून उजाडेपर्यंत तसेच पडून राहायचे. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाणी पिणंही सोडलं होतं. हे कळल्यावर मी बटणच काढून टाकलं. आता दार उघडलं की दिवे आपोआप लागतात. दुर्बीण जवळच आहे, त्यामुळे त्या वेळी चालू असलेला फोटो वाया जातो. मी तो टाकते आणि पुढचा घेते.

अशा शेकडो फोटोंची बेरीज काल पूर्ण झाली. कमान आली आहे, नखाच्या कोरीसारखी, फिकट. प्रत सोबत आहे. अप्पांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली आणि म्हणाले, एवढ्यासाठी खांबाला न्हाई म्हणलीस व्हय. मी व्हय म्हटलं. खांब तुझ्याच अंगणात लाव.

अजून फोटो घेते आहे. अप्पा रोज सकाळी विचारतात, रातच्याला माझ्यापायी किती फोटू गेले. मी सांगते, एकही नाही. दुसरा कुठलाही आकडा मी चुकीचा सांगत नाही.

वहिनीला नमस्कार. आहे तो जिव्हाळा असू दे.

राजश्री