रविनाची हजेरी

नरडाणा,
ऑगस्ट २०२०

आबा आणि आई यांना सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. मास्क लावूनच बाहेर पडते.

शाळा मोबाइलवर आल्यापासून माझी सातवीतली रविना एकदाही वर्गात आली नव्हती. घरच्यांनी तिचं लग्न उरकलं असेल, या धास्तीनं मी रविवारी तिच्या घरी गेले. पोरगी ओट्यावर मैत्रिणीची वही उतरवून घेत बसली होती. तिचे वडील कारखान्यात कामाला आहेत. ओशाळून म्हणाले, "फोन मनाजोडे ऱ्हास, मॅडम." घरात एकच फोन, आणि तो दिवसभर त्यांच्याजवळ कारखान्यात असतो.

मग मी वर्गच संध्याकाळी सातला ठेवला. काल तिचं "हजर, मॅडम" ऐकलं आणि हजेरीत तिच्या नावापुढे पहिली खूण केली.

आईचा खोकला थांबला का? मी काळजी करेन म्हणून लपवू नका. एसटी सुरू झाली की असोद्याला येते.

तुमची,
शिल्पा