अफिबाची इस्त्री

२० जून
एका कोतोची खरी किंमत आज मांडून बघितली. कसाव्याची कांजी दोन वाट्या, सव्वातीन तास उभं राहणं, आणि इस्त्री करणाऱ्या माझ्या बाईच्या, जेट्टीच्या, मनगटावर एक नवा चटका. घालणारी तो घेरदार घागरा मिरवणार एकच दिवस — पहिली जुलै, गुलामी सुटल्याचा दिवस. पारामारिबोभरातून दुकानात सत्तेचाळीस आलेत. बँका बंद, कचेऱ्या बंद, मंत्री झेंड्याखाली. सुट्टी त्यांनाच, ज्यांना बाकीचे दिवसही खुर्ची असते. इस्त्री चालूच.

२२ जून
उत्सव समितीची माणसं आली. मैदानावरचं यंदाचं भाषण माझं! दारावर टांगलेली कोळशाची इस्त्री दाखवली त्यांना. म्हटलं, ही अफिबाची, माझ्या पणजीच्या आजीची. हिच्या जोरावर तिनं १८४१ मध्ये स्वतःला विकत घेतलं, याच इस्त्रीवर हे दुकान उभं राहिलं. आमचं घराणं सरकारच्या मेहेरबानीची वाट बघत बसलं नाही. माना डोलल्या. आत जेट्टीची इस्त्री मात्र जरा जोरात आपटली. कान तिखट आहेत माझे, कळतं.

२४ जून
जेट्टीनं पहिलीची सुट्टी मागितली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. तिची आई एक्क्याण्णवची. म्हातारीला मिरवणूक शेवटची एकदा बघायचीय. चाकांची खुर्ची ढकलायला लेकच हवी.
म्हटलं, "अगं, सकाळी आठपासून बायका कोतो न्यायला येतात. दोनला सोडतो तुला."
"दोनला मिरवणूक संपलेली असते, मालक."
"तुमच्या लोकांना वाट बघायची सवय आहे की. १८६३पर्यंत बघितलीत."
हसत म्हटलं. ती हसली नाही.
"त्र्याहत्तर. सुटका झाली म्हणाले आणि वर दहा वर्षं कंत्राटावर राबवलं आमच्या माणसांना. भाषणात तेवढी दहा घाला."
पुढचा कोतो तिच्यापुढं सरकवला. सुट्टी दिली नाही.

२५ जून
चूक केली का? सत्तेचाळीस कोतो. दुसरं कोण करणार?

२७ जून
भाषण लिहितोय. गेल्या डिसेंबरात हॉलंडनं इथल्या गुलामीची माफी मागितली. कडक इस्त्रीची माफी, एक सुरकुती नाही. अंगात घालून बघा, कुठंच बसत नाही. १८६३ मध्ये मालकांना दर गुलामामागे तीनशे गिल्डर भरपाई मिळाली. सुटलेल्यांना काय मिळालं? आडनाव. तेही कारकुनाला त्या दिवशी सुचेल ते. जेट्टीचं रोझेनडाक असंच. अख्ख्या पारामारिबोत ते एकच घर. हे मैदानावर सांगितलं तर टाळ्या पडतील.

२८ जून
समितीची चिटणीस मुरिएल, शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, गुलामांच्या जुन्या नोंदवह्या आता संगणकावर दिसतात. अफिबाबाईंचा कागद शोधू? भाषणात उंच धरून दाखवा."
"शोध की. चौकट मी करून घेतो."

३० जून
मुरिएल आली. आल्याचं सरबत पुढं केलं, तिनं हात लावला नाही. घडी घातलेला कागद गल्ल्यावर ठेवला. "भाषणाआधी वाचा, काका." जाताना आत जेट्टीकडे बघून गेली.
पंचेचाळीस झाले. दोन बाकी. कागद उद्या बघू.

१ जुलै, सकाळी सहा
जेट्टी पाचपासून खाली दुकानात इस्त्रीवर उभी आहे.
कागद वाचला. १८६३ची भरपाईची यादी. मालकाचं नाव: अफिबा. पैसे पोचल्याची सही म्हणून तिच्या हातची फुली. मिळाले: तीनशे गिल्डर. गुलाम: एक बाई, क्वासिबा. काम: इस्त्री. दिलेलं आडनाव: रोझेनडाक.