सातव्या होलची टेकडी

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. गवताला यंदा कीड नाही, पाणीही पुरतंय. आई बरी आहे. वहिनीचा खोकला गेला का?

तू लिहिलेल्या गोल्फ क्लबच्या इतिहासाची पहिली प्रत पोचली. कागद गुळगुळीत, फोटो छान. छपाईला जाण्याआधी काही सुचवायचं असेल तर कळव, असं लिहिलंयस. कळवते.

सातव्या होलबद्दल तू लिहितोस, 'ग्रीनशेजारची टेकडी खेळाच्या दृष्टीने निरुपयोगी असून ती नवख्या रचनाकाराची चूक आहे. नूतनीकरणात ती काढली जाईल.' आणि पुढच्याच पानावर, 'या क्लबने स्त्रियांचं पहिल्यापासून स्वागत केलं.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैदानाची देखभाल माझ्याकडे, त्यामुळे टेकडी पाडायचा हुकूमही माझ्याच टेबलावर येऊन पडलाय. सोमवारी यंत्र येणार.

स्वागत म्हणे. व्हरांड्यापर्यंत होतं ते. बायकांनी खुर्चीत बसायचं, सरबत प्यायचं, टाळ्या वाजवायच्या. गवतावर पाऊल टाकायला बंदी, आणि तशी पाटी फाटकावर. मला ती तूच वाचून दाखवली होतीस. बाबा मैदान आखत होते आणि आईला खेळायचं होतं. बाबांनी कमिटीला सांगितलं, इथे वारा फार, आडोसा हवा. कमिटीने माना डोलावल्या. टेकडी उभी राहिली आणि व्हरांड्यातून सातवं ग्रीन दिसेनासं झालं. मग सकाळी बाबा मैदान तपासायला निघाले की आई बरोबर जायची आणि टेकडीआड त्या ग्रीनच्या हिरवळीवर चेंडू ढकलत खेळायची.

टेकडीवर पालथं पडून पहारा कोण द्यायचं रे? तू. व्हरांड्यात कुणी आलं की तू शिट्टी मारायचास, आणि आई हातातली काठी, तिचा तो पटर, बाबांकडे देऊन गवत न्याहाळत असल्याचा आव आणायची. परवा फोनवर मला म्हणालास, "अगं, कमिटीला असलं आवडत नाही. जुनं उकरून काय मिळणार?" म्हणजे तू विसरलेला नाहीस. विसरला असतास तर मी एवढी चिडले नसते.

आई बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. बंदी उठून इतकी वर्षं झाली तरी ती सवयीने सातव्यावरच खेळायची, तुला माहीत आहे. तुझं पुस्तक आलं तेव्हा केवढ्या कौतुकाने शेजारच्या काकूंना वाचून दाखवायला बसली. टेकडीच्या त्या ओळीपाशी थांबली. चष्मा नीट लागत नाही म्हणाली आणि पुस्तक मिटलं. तेव्हापासून मैदानावर आलेली नाही. पटर कपाटामागे सारलाय. जेवताना एकदाच मला विचारलं, "त्याला माझी लाज वाटली का गं?"

मी तिच्या ताटात भात वाढला. काय सांगायला हवं होतं ते तूच सांग. एवढं जाडजूड पुस्तक लिहिलंस, एक वाक्य सुचेल की.

मी ठरवलं होतं, सोमवारी यंत्रापुढे उभी राहीन. नोकरी गेली तर गेली. काल आईला तसं बोलून दाखवलं, तर ती चक्क हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "पाडू दे टेकडी. आता मला कुणापासून लपायचंय? पण ती कशासाठी होती तेवढं त्याला लिहायला सांग. तुझ्या बाबांची चूक नव्हती ती."

तर यंत्र येऊ दे, मी आडवी येणार नाही. टेकडी गेली की व्हरांड्यातून सातवं ग्रीन स्वच्छ दिसेल. सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमाला तू कमिटीच्या मांडीला मांडी लावून तिथे बसशील, तेव्हा समोर आई खेळत असेल. पटर मी पुसून ठेवलाय. ती दोन पानं तोवर बदलून आण. बदलायची हिंमत नसेल तर निदान मान खाली घालून बस.

आणि या खेपेला शिट्टी मारू नकोस.

तुला पुरती ओळखून असलेली,
तुझी धाकटी बहीण