युद्धनौकेतलं स्वयंपाकघर

मोक्पो, १४ जानेवारी

ती. बाबांना उन-सोलचा सा. न. वि. वि.

तुम्ही रेखाटलेली नौका चपळ आहे. एवढीशी, पण ताशी चाळीस मैलांचा वेग सहज घेते. इंजिनखोलीतली माणसं मला ‘आराखडेवाल्यांची लेक’ म्हणून चिडवतात.

मंगळवारी मात्र वाईट झालं. लाटेवर नौकेचं पुढचं टोक वर उचललं गेलं आणि आपटलं, तसं सूपचं उकळतं पातेलं आचारी प्योंच्या हातांवर सांडलं. स्वयंपाकघर थेट पुढच्या टोकाशी, जिथे सगळ्यात जास्त आपटतं, तिथे कुणी ठेवलं? ज्याने ठेवलं त्याला खलाशी शिव्या घालतात. मीही घातल्या.

आईला जपा.
तुमची उन-सोल


उल्सान, २ फेब्रुवारी

चि. उन-सोल हिस अ. उ. आ.

त्या शिव्या माझ्याच. पहिल्या आराखड्यात स्वयंपाकघर मध्यावर होतं. मग आणखी दोन क्षेपणास्त्रं बसवायची ठरली आणि ती जागा गेली. मी बैठकीत एकदा हरकत घेतली. साहेबांनी विचारलं, लढाई काय सूप पाजून जिंकायची? सगळे हसले. मीही हसलो, आणि सही केली.

रविवारी तुला न कळवता इस्पितळात गेलो होतो. प्योंच्या दोन्ही हातांना पट्ट्या. नेलेली नाशपाती मीच सोलून भरवली आणि मग खरं काय ते सांगितलं.  त्यावर ते म्हणाले, मधलं स्वयंपाकघर काढून दाखवा. मी फळांच्या खोक्यावर काढलं. शेगडीची कड आणखी उंच हवी, असं त्यांनी कोपराने दाखवलं. मग म्हणाले, दमलोय, आता या तुम्ही.

स्वयंपाकघर पुन्हा मध्यावर न्यावं, असा मी जहाज-कारखान्याला अर्ज केला आहे. माझ्यावर रागाव, पण लिहीत राहा.
तुझा बाबा


मोक्पो, २० एप्रिल

ती. बाबांना सा. न. वि. वि.

अर्ज मान्य झाल्याचं इथे कळलं. पुढच्या नौकांत स्वयंपाकघर मध्यावर, उंच कडेच्या शेगडीसह. आमची आहे तशीच राहणार. समुद्र खवळला की आम्ही थंड भात खातो.

प्योंनी नौदल सोडलं. बोटं वळत नाहीत. बहिणीकडे राहतात, तिथे भेटून आले. तुमच्यासाठी काही निरोप आहे का, विचारलं. म्हणाले, आराखडा चांगला होता. पण त्यांना पुन्हा येऊ नका म्हणावं. तुम्ही विचारणारच, म्हणून लपवलं नाही.

मला किनाऱ्यावर बदली देत होते. मी नको म्हटलं. शनिवारी घरी येते. तुम्ही स्टेशनवर न्यायला या, वाटेत बोलू.
तुमचीच,
उन-सोल