झुलत्या खुर्चीची पट्टी

३ मार्च, मंगळवार
आईच्या झुलत्या खुर्चीखालची वाकडी पट्टी मोडली. म्हणजे मीच बसवलेली! फळीतून करवतीने गोल कापून आणली होती — शहाणपण! आई वाचली. पण आडवं पडलं की तिचा श्वास अडकतो, झोप लागते ती त्या खुर्चीतच. आता तीन उशा आणि टोमणे. "तू आपला लेख लिही बाबा."

बायको म्हणाली, "दादाकडे जा."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. लाकूड वाफवून वाकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या सदरात मी त्याची खिल्ली उडवली होती — 'लाकूड शिजवणारा आचारी'. लोक पोट धरून हसले. बायको आठ दिवस बोलली नाही. भावाचा पुळका!

५ मार्च, गुरुवार
नाक मुठीत धरून गेलो. मेहुण्याने मोडका तुकडा उन्हात धरला. "रेषा कापल्यात, जावईबापू. लाकडाचा जीव रेषेत. वाकवलं की रेषाही वळते. कापली की मोडते." मला इतक्या थोडक्यात कुणी गाढव ठरवलं नव्हतं.

वाफेच्या पेटीच्या दाराला फट. फटीत कागद कोंबलेला. ओळखीचा वाटला — माझंच सदर!

"वाफ छान अडवतं," मेहुणा म्हणाला.

७ मार्च, शनिवार
तासभर वाफवलेली पट्टी बाहेर काढली की हातात जेमतेम अर्धं मिनिट. बाहेरून पोलादी पट्टा, आणि साच्याभोवती एका दमात ओढायची. एक टोक त्याचं, एक माझं. मला चटका बसला, क्षणभर थबकलो — कडाड!

"थांबलात," एवढंच बोलला. सरळ रेषेची आता एकच पट्टी उरलीय. "ती बुधवारी. बुधवारी मला दुसरे हात असतात. तुम्ही संध्याकाळीच या."

११ मार्च, बुधवार
पट्टी साच्यात आवळलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेषा तुटलेली नाही! झाडच तसं वाढलं असावं. बोट फिरवत किती वेळ उभा होतो कोण जाणे. वीस वर्षं लोकांच्या वाकड्यात शिरून पोट भरतोय. असं एक वळण जमलं नाही.

"दादा, हात जोडतो तुम्हाला."

"मला नका जोडू." काय हा विनय!

घरी आलो तर बायकोच्या मनगटावर फोड. दर बुधवारी माहेरी, वहिनीला भेटायला जाते, तिथून नुकतीच परतलेली. "कुकर," म्हणाली.

२० मार्च, शुक्रवार
पट्टी वाळली, काल बसवली. आई सकाळी आठपर्यंत खुर्चीत घोरत होती. इतकं सुरेल काही ऐकलं नव्हतं!

मेहुण्याची जाहीर माफी मागणारं सदर लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. "छान आहे," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. मेहुण्यालाही पाठवलं.

२१ मार्च, शनिवार
मेहुण्याचा फोन. "छापू नका हो. मी नुसतं पाणी उकळतो. वाकवते ती. बारा वर्षं झाली, दर बुधवारी."

"आणि फटीतला तो कागद?" मी विचारलं. "तोही तिनेच कोंबलाय."